फाटकावरच्या पिस्तुलाची निवड

साखर गोड असते, म्हणूनच तिचा बंदोबस्त कडक असावा लागतो. एवढी साधी गोष्ट कृष्णाकाठच्या त्या साखर कारखान्याला सुचायला १९७४ साल उजाडलं. सुचल्यावर मात्र त्यानं वेळ दवडला नाही; त्याच दुपारी 'पिस्तूल निवड उपसमिती' नेमली.

अध्यक्ष म्हणजे अर्थातच चेअरमन हंबीरराव. जाणकार सभासद नानासो (मेहुणे विट्याचे, कानपुरात सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान, दुकानासमोरच पोलीस चौकी). आणि सल्लागार म्हणून फाटकावरचा हंगामी वॉचमन आकाराम. फौजेत एकोणीस वर्षं त्यानं हत्यारखान्यात पिस्तुलं खोलली, पुसली, जोडली. त्यामुळे त्याचं मत शेवटी घ्यायचं ठरलं.

"अहवाल झकास दे गड्या, तुला कायम करून टाकतो," हंबीरराव म्हणाले.

कायम म्हणजे कॉलनीत पत्र्याची खोली आणि दाराशी नळ. आकारामची बायको चंद्राबाई तीन वर्षं ओढ्यावरनं चढानं पाणी आणत होती. आकारामचा सगळा जीव त्या नळात अडकला होता.

पहिल्या बैठकीत व्यासाचा विषय निघाला. बाजारात नळ्या तीन: नऊ, बत्तीस आणि पंचेचाळीस. नानासोंनी कागदावर वजाबाकी करून दाखवली. नऊपेक्षा बत्तीस तेवीसनं मोठं, पंचेचाळीस तर छत्तीसनं. नऊ नंबरचं पिस्तूल कारखान्याच्या इभ्रतीला शोभणार नाही, असं एकमतानं ठरलं.

"आवं, नऊ हे मिलिमीटर हायत," आकाराम चाचरत म्हणाला. "बत्तीस न् पंचेचाळीस हे इंचाचं शंभरावं भाग. नऊवालं बत्तीसपरीस मोठं भरतंय. शिवाय त्यात तेरा गोळ्या बसत्यात, पंचेचाळीसवाल्यात सातच."

"मग तेराच्या तेरा नेम चुकणार म्हण की!" नानासो म्हणाले. इतिवृत्तात 'सल्लागार गोंधळले' अशी नोंद झाली.

दुसऱ्या बैठकीत वहनक्षमता तपासली. पिस्तूल वॉचमनचं असलं तरी वापरणार चेअरमन होते (वॉचमन बदलतात, चेअरमन बदलत नाहीत). भरलेल्या पंचेचाळीसचं वजन सव्वा किलोच्या आसपास. तेवढी वजनं कमरेला बांधून हंबीरराव ऑफिसपासून वजनकाट्याकडे निघाले आणि अडतिसाव्या पावलाला धोतर सुटलं. पिस्तुलात दोष आढळला नाही. विजार निवडायला वेगळी उपसमिती नेमली गेली.

असे अकरा महिने, सतरा बैठका आणि चारशे सहा कप चहा झाला. अखेर अहवालावर सहीसाठी आकारामला बोलावलं. शिफारस पंचेचाळीसची होती. नुसती सही ठोकायची, की नळ दाराशी. त्यानं पेन उचललंही. पण एकोणीस वर्षांची हत्यारखान्याची खोड. तिथं कुठलंही हत्यार बाहेर काढताना वहीत आधी 'कशासाठी' हा रकाना भरावा लागे. तो रकाना अहवालात कुठं दिसेना.

"सायेब, एक इचारू? पिस्तूल पायजे कशापायी? चार वर्सं फाटकावर हाय मी. गाडीतनं ऊस वडणारी पोरं सोडली तर हितं कोन बी आलं न्हाई."

हंबीररावांनी नानासोंकडे पाहिलं, नानासोंनी छताकडे. ज्याला कारखान्याला धोकाच दिसत नाही, असा वॉचमन हाच मोठा धोका, असा ठराव झाला. आकारामला त्याच दिवशी नारळ मिळाला.

"तुमाला कुनी इचाराय सांगितलं हुतं?" चंद्राबाई म्हणाली आणि रडत रडत घागर उचलून ओढ्याकडे निघाली. आकारामला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिचंही खरंच होतं म्हणा. तुम्हीच बघा. इथवर वाचताना नऊ बरं की पंचेचाळीस, हे तुम्ही मनाशी ठरवून टाकलं असेल. पिस्तूल हवंय कशाला, हा प्रश्न आकारामनं विचारेपर्यंत तुम्हाला पडला होता का? नाही ना? मग अर्ज करा. फाटकावरची जागा रिकामी आहे, आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून कायम करतील.