फायनलपर्यंत काकी

नाथाच्या घरी फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी खास नवा रंगीत टीव्ही आला आणि पहिल्याच मॅचच्या दुपारी डोंगरीचा धाकू मेला. धाकू म्हणजे नाथाच्या आजोबांच्या चुलतभावाचा नातू. जिवंतपणी त्याने नाथाच्या खारी गावात शेवटचं पाऊल कधी टाकलं होतं, हे कोणालाच आठवत नव्हतं. पण भावकी ती भावकी. दहा दिवसांचं सुतक लागलं आणि नव्या टीव्हीवर चादर पडली.

"बाबा, आवाज बंद करून बघू ना," नाथाचा मुलगा केतन काकुळतीला आला.

"आनि राघोनं बघितलं मंग?"

राघो शेजारच्या घरातला चुलतभाऊ. गेल्या वर्षी त्याने सुतकात रविवारचा सिनेमा लावला, तेव्हा नाथाने भर ओटीवर उभं राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. त्या पिढ्या आपल्याही आहेत, हे रागाच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नाही. आता राघो रोज संध्याकाळी त्याच ओटीवर राखणीला येऊन बसू लागला. वास्तविक दोघेही फुटबॉलचे वेडे. कापणी झालेल्या शेतात अनवाणी खेळून दोघांनी पायाची नखं घालवली होती. पण आता एकाला टीव्ही लावायची सोय नव्हती आणि दुसऱ्याला घरी जायची.

त्यातच भिंतीपलीकडे, नाथानेच बिल्डरला विकलेल्या शेतावर, चार माळ्यांची बिल्डिंग उभी होती. तिथल्या लोकांना धाकूचं काही सुतक नव्हतं. रात्री साडेआठला मॅच सुरू झाली की तिकडून आरडाओरडा यायचा.

"गोल झाला!" राघो ताडकन उठायचा. "कोनाचा रं?"

"मना काय म्हाईत? अर्जेंटिनाचाच आसल. आनंदानं वरडली मानसा."

"ती कोनीपन मारला तरी आनंदानंच वरडतान!"

मग दोघे खाली मान घालून, मेलेल्या धाकूला मनातल्या मनात शिव्या घालत बसायचे. इतकं मनापासून सुतक त्या गावात कोणी पाळलं नसेल.

अखेर सुतक फिटलं. आंघोळी झाल्या, घरात गोमूत्र शिंपडलं, टीव्हीवरची चादर निघाली. आणि त्याच सकाळी मागच्या खोलीतून पार्वतीकाकीने पेज न खाता परत पाठवली.

पार्वतीकाकी म्हणजे नाथाची विधवा चुलती. ऐंशी ओलांडलेली, पोटी मूलबाळ नाही. दोन वेळा तिच्या दारातून ताट आत सरकवायचं आणि रिकामं झालं की उचलायचं, एवढाच घराचा तिच्याशी संबंध उरला होता. डॉक्टरांनी नाडी पाहिली. "वय झालंय. आज जातील, महिन्याने जातील, काही सांगता येत नाही."

"आज गेली तर सेमीफायनलच्या आत सुटतो आपण," केतन म्हणाला.

नाथाने त्याच्या कानाखाली वाजवली. मग ओटीवर जाऊन तोच हिशेब बोटांवर स्वतः करून पाहिला. हिशेब बरोबर होता. त्याला स्वतःची लाज वाटली, पण बोटं थांबली नाहीत. उद्या-परवा गेली तर ठीक. पुढच्या आठवड्यात गेली तर सगळाच खेळ आटोपला. आणि कधी जायचं हे काकीला कोण सांगणार?

"त्यापरीस जगवूया," राघोने काकीच्या उशाशी उभं राहून तोडगा काढला. काकीला ऐकू येत नाही, असं सगळेच धरून चालले होते. "फायनलपरत जगली म्हंजे झाला. मंग तिची मर्जी."

त्या दिवसापासून काकीची खाट पुढच्या खोलीत, पंख्याखाली आली. नाथा तिला चमच्याने बकऱ्याच्या पायांचं सूप पाजू लागला. केतन उशी नीट करू लागला. राघो, ज्याने सख्ख्या आईचे पाय कधी चेपले नव्हते, तो तेल कोमट करून काकीचे पाय चोळू लागला. मॅच चालू असताना ओरडायचं नाही, असा कडक नियम झाला. दचकून म्हातारीचं काही झालं म्हणजे? अर्जेंटिनाने गोल मारला की राघो तोंडात टॉवेल कोंबायचा आणि नाथा भिंतीला मिठी मारायचा.

सेमीफायनलच्या दिवशी काकीने तोंड मिटून घेतलं. सूप नको, पेज नको.

"निवट्या," ती एवढंच म्हणाली.

बाजारात निवट्या नव्हत्या. मग राघो धो धो पावसात खाडीच्या चिखलात मांडीपर्यंत रुतला आणि मासे घेऊनच परतला. काकीने कालवण चाटूनपुसून खाल्लं, वर आणखी भात मागितला. गालांवर चक्क मांस चढलं होतं. "काय केलंत हो?" डॉक्टरांनी विचारलं. "सेवा," नाथा म्हणाला, आणि त्याने नजर चुकवली.

फायनल झाली. अर्जेंटिना एका गोलने हरली. सवय लागल्यामुळे सगळे आवाज न करताच रडले.

दुसऱ्या दिवशी राघो पाय चोळायला आला नाही. तिसऱ्या दिवशी काकीला पंख्याचा वारा बाधतो असं कोणीतरी म्हणालं आणि खाट मागच्या खोलीत गेली. ताट पुन्हा दारातून सरकू लागलं.

आठवड्याभराने एकदा घरात बायकामाणसं नव्हती, म्हणून नाथाच ताट घेऊन गेला. ठेवून वळणार, तोच काकी बोलली.

"नाथा, पुढला वर्ल्ड कप कवा हाय?"

नाथाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे म्हातारीने उशाशी झालेलं सगळं ऐकलं होतं.

"चार वर्सांनी," तो कसाबसा म्हणाला.

काकीने बोटांवर मोजून पाहिलं. "तवर न्हाय जमाचा माझ्याच्यानं. मधी दुसरा काय नस्तं का रं?"

"अस्तं, काकी. क्रिकेट अस्तं."

"मंग त्ये बघा," ताट जवळ ओढत काकी म्हणाली. "मी थांबतंय."