थर्माकोलची परीक्षा

आमच्या गॅरेजात उंची कमी करून गाडी खाली बसवून घ्यायला आलेला माणूस पहिल्या दिवशी थर्माकोल घेऊन घरी जातो. गाडीच्या पोटाला चिकटवलेला. मालक हरेश्वरकाकांचा नियमच तसा. दोन इंच खाली हवीय ना? मग दोन इंच जाडीचा थर्माकोल लावून आठवडाभर रोजच्या रस्त्यानं फिर. शाबूत राहिला तर पास. कुठल्या स्पीडब्रेकरवर तुटला तर नापास, आखूड स्प्रिंग मिळणार नाही.

नापास या शब्दाची मला जुनी धास्ती. आठवीत शाळा सोडून नांदेडकडून अंधेरीला आलो, तेव्हा ‘शिक्षण किती’ असं न विचारता ‘जेवन झालं काय’ एवढंच विचारून कामाला ठेवणारा हा एकच माणूस भेटला. आज मी इथला मोठा फिटर आहे, पण कुणाची गाडी तुटका थर्माकोल घेऊन परत आली की अजून मीच नापास झाल्यासारखं वाटतं.

मागे बोरीवलीचा एक पोरगा आला. “काका, एकदम जमिनीला टेकली पाहिजे. झकास!”

“टेकवायचीच तर चाकं काढून टाक ना. स्प्रिंगा कशाला पायजे?”

“मग आहेत त्याच कापून द्या. बाहेर सगळे देतात.”

झालं, वाट लागली. कापायचं नाव काढलं की काका पेटतात. “पँट आखूड करायला पाय कापतोस काय रं? स्प्रिंग आखूड तर धक्का खानारा शॉक पन तिच्या जोडीचा लागतो. नायतर बेडूक होईल गाडीचा! मागं कोन बसतं?”

“आई. आणि आजी.”

“आन दोघींना.”

पोरानं खरंच आणलं. आजी मागच्या सीटवर गाठियाचा पुडा घेऊन बसली आणि काका चाकाच्या वरची फट बोटांनी मोजू लागले. रिकामी गाडी बघून उंची ठरवणारा माणूस त्यांच्या मते मिस्त्रीच नव्हे.

“अरे, ही चालत का नाही?” आजी वैतागली.

“माप घेतोय, आजी. तुमचं.”

“माझं माप लग्नात शिंप्यानं घेतलं होतं. त्याच्यानंतर तूच रे बाबा!”

गाडी बसली दीड इंच. आजी खूश, पोरगा थोडा कमी खूश.

असं सगळ्यांचं करणाऱ्या काकांची स्वतःची पांढरी गाडी मात्र चाकावर मूठभर फट ठेवून उभी असायची, साडी वर खोचून पाण्यात निघालेल्या बाईसारखी. स्प्रिंगा-शॉक त्यांनी हौसेनं निवडून आणलेले होते. तरी दर वेळी स्वतःची परीक्षा घेणार आणि दर वेळी नापास होऊन येणार. गिऱ्हाइकं चिडवायची. काका हसायचे, पण नव्या स्प्रिंगांवर बायकोच्या दागिन्यांसारखा हात फिरवून त्या परत झाकून ठेवायचे.

“कुठं तुटतो, काका?” मी विचारायचो.

“हाय एक रस्ता.”

माझ्या जिवाला घोर. चिकटवणारा मी ना! एका रविवारी दोघांनी हॉटेलात पोट फुटेस्तोवर राइस प्लेट हाणली आणि मी हट्टानं शेजारच्या सीटवर बसलो.

गाडी वर्सोव्याच्या कोळीवाड्यात शिरली. एका गल्लीच्या तोंडाशी गटारावर सिमेंटचा उंच उंचवटा होता. काकांनी गाडी हळूच चढवली. कर्रर्र. खाली वाकून बघतो तर थर्माकोलचा पुढचा तुकडा मोडलेला.

“नाय बसवायची स्प्रिंग,” काका म्हणाले.

“काका, या गल्लीत तुम्ही एरवी येता तरी का?”

“नाय. तो निळा दरवाजा माज्या दादूसचा, थोरल्या भावाचा. बापाची होडी मी विकायला लावली, तवापासून बोलनं नाय. जायचं नाय रं तितं.” ते स्टिअरिंगकडे बघत राहिले. “पन बोलवलंन कदी, तर गाडी जायला पायजे.”

मी डिकी उघडली. दुसरा तुकडा चिकटवला. तेवढ्यात निळा दरवाजा उघडला आणि बनियनवर एक म्हातारा बाहेर आला. काकांचंच नाक, काकांच्याच भुवया.

“सरल कशाला घालतोस, येड्या? लाटंवर होडी अशी घालतात काय? वाकडी घे! एक चाक आदी!”

आख्ख्या अंधेरीत कुणाचं न ऐकणारे काका निमूट गाडी घेऊन मागे गेले. म्हातारा हातवारे करत ओरडत होता, “आन... आन... डावीकडं... आता सोड!” एक चाक चढलं, मग दुसरं, आणि गाडी मांजरासारखी पलीकडे उतरली. मी पालथा पडून खाली पाहिलं. थर्माकोल अख्खा!

“पास!” मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की शेजारणी बाहेर आल्या.

काका खाली उतरले. दोघे भाऊ बोनेटच्या दोन बाजूंना उभे. म्हातारा बोनेटवरची धूळ बोटानं पुसत राहिला. शेवटी त्यानं विचारलं,

“जेवलास काय रं?”

काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“नाय,” ते म्हणाले.