झोपलेल्या राक्षसाला उठवणारे काका

आमचे यशवंतकाका झोपलेल्या राक्षसालाही आधी हाक मारून उठवतात, तोंड धुवायला वेळ देतात आणि मगच तलवार उपसतात.

अर्थात, हे खेळात. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं बडोद्याच्या वाडी भागातल्या माझ्या घरी जमतो. मी गोष्ट रचतो, बाकीचे तिघं त्यातली पात्रं होतात, आणि कोणाचा वार लागला, कोणाचा हुकला ते फासे ठरवतात. काका मकरपुऱ्यात, मी काम करतो त्याच कारखान्यात, सुटे भाग तपासतात. पहिल्यांदा नुसतं बघायला म्हणून आले आणि सूर्यगडचे थोरले युवराज वीरभद्र होऊन घरी गेले. दुबळ्यांचं रक्षण करायची आणि खोटं न बोलायची देवापुढे शपथ घेतलेले योद्धे!

"आमचे पणजोबा बडोद्याच्या फौजेत होते," ते म्हणाले. "साधे शिपाई. खेळात तरी युवराज होऊ दे ने!"

ती शपथ आम्हाला फार महागात पडली. कारखान्याच्या ऑफिसातली किंजल खेळात चोर असते. एकदा ती, काका आणि आमचा चौथा गडी हर्षद अंधारातून शत्रूच्या किल्ल्यात शिरत होते. पहारेकऱ्याच्या तोंडून मी विचारलं, "कोण आहे तिकडे?"

काका खुर्चीतून ताडकन उठले. "सूर्यगडचे युवराज वीरभद्र! सोबत दोघं. त्यातली एक चोर."

"काका, आ शुं करो छो!" किंजल किंचाळली.

"त्याने विचारलं, मी सांगितलं. शपथ म्हणजे शपथ."

तो अख्खा रविवार तिघांनी तुरुंगात काढला. काका तिथेही पहारेकऱ्याच्या मुलीचं लग्न जमवत होते.

मध्यंतरी किंजलच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दोन रविवार ती आली नाही. हर्षद म्हणाला, "आपण पुढे जाऊ या, ती येईल मागून."

"तुम्ही व्हा पुढे," काका म्हणाले. "वीरभद्र तिच्यासाठी वेशीवर थांबलाय." आणि खरंच, दोन्ही रविवार त्यांनी फाशाला हात लावला नाही. नुसते चिवडा खात बसले. आम्ही त्यांना मनसोक्त चिडवलं.

मग मी चौकशीसाठी किंजलला फोन केला. "काका तो रोज आवे छे," ती म्हणाली. कंपनीच्या बसमधून उतरले की ते थेट दवाखान्यात जायचे. तिला घरी पाठवून तिच्या वडिलांपाशी दोन तास बसायचे. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काकांना विचारलं. ते डब्यातली भाजी चिवडत राहिले.

"तुझ्या काकूच्या वेळी मी एकटाच होतो रे," ते म्हणाले. "ती गेल्याचं डॉक्टर सांगून गेले. मी वळून बघितलं, तर कोणाला सांगावं असं कोणी नव्हतंच." मग डबा माझ्याकडे सरकवला. "घे, कारलं छान झालंय."

त्या संध्याकाळी मीही परस्पर दवाखान्यात गेलो. मला बघून काकांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ते बाकावर थोडे सरकले.