शेवंताकाकूंचा उतार

शेवंताकाकूंच्या कनवटीला कायम एक काचेची गोटी असते. कुठल्याही नव्या जागी गेल्या की त्या आधी गोटी ठेवतात आणि ती कुठे जाते ते बघतात. जांबे गावात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो, त्या दिवशी त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर गोटी सोडली. ती गडगडत माझ्या मांडीत पडली. टेबल नवं आहे असं मी म्हणालो, तर गोटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला नको सांगू, तिला इचार."

बँकेतल्या साहेबांनाही त्यांनी सोडलं नाही. साहेब सही मागत होते आणि काकू म्हणत होत्या, "आधी टेबलाचा पाय बघा, मग सही." शेवटी शिपायाने टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तेव्हा सही झाली.

हा नाद त्यांना कामातून लागला होता. नवरा लवकर गेला, भातशेती पोटापुरती. टेकडीपलीकडे गोल्फचं मैदान झालं, तेव्हा काकू तिथे रोजंदारीवर लव्हाळ्यासारखं तण काढायला लागल्या. ज्या गुळगुळीत हिरवळीवर चेंडू शेवटी भोकात ढकलतात, ती 'ग्रीन' त्यांच्याकडे होती; तिथल्या अठरा भोकांपैकी एकाची. पंधरा वर्षं त्या ओणव्या बसून तिच्यावरून हात फिरवत होत्या. पुढे आयटीवाले आले, मुलाने खोल्या बांधल्या, काकू मालकीणबाई झाल्या. मुलगा बंगळुरूला गेला. गोटी राहिली.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी परसातला गोठा पाडला. आणखी दोन खोल्या निघणार, असं साऱ्या गल्लीने ठरवून टाकलं. पण टेंपोतून उतरली ती हिरव्यागार प्लास्टिकच्या गवताची गुंडाळी, आणि तिच्यामागे सुर्वे नावाचे पुण्याचे ठेकेदार. काकू घरामागे गोल्फची ग्रीन करून घेत होत्या.

"काकू, आपण एकदम फ्लॅट करू," सुर्वे म्हणाले. "घरच्या घरी खेळायला सोपं पडतं."

"मी कुटं खेळणार हाय? मधी पालथ्या परातीवानी उचलून घ्या. तितनं डाव्या अंगाला उतार. लई न्हाई, बोटभर."

"मग खेळणार कोण?"

"तुमी उतार द्या."

सुर्व्यांनी मान डोलावली, आणि काकू पौडला लग्नाला गेल्याची संधी साधून सगळं सपाट करून टाकलं. मुरूम, खडी, वर दगडाची कच, रोलर, त्यावर गवत. काकू परतल्या, नऊवारी खोचून बसल्या आणि गोटी ठेवली. गोटी हलली नाही.

"लेझरने लेव्हल केलंय," सुर्वे अभिमानाने म्हणाले.

"त्येच तर. काढा."

गवत पुन्हा गुंडाळलं गेलं. पुढचे दोन दिवस काकू कचेत गुडघे टेकून बसल्या होत्या. भाकरी थापावी तशी जमीन थापायच्या, डोळे मिटून तळवा फिरवायच्या, "हितं मूठभर घाला" म्हणायच्या. पहिल्या दिवशी सुर्वे लांब उभे राहून फोनवर कुणाला तरी आपलं दुःख सांगत होते. दुसऱ्या दिवशी बूट काढून तेही काकूंच्या शेजारी बसले आणि निमूटपणे मुठी घालू लागले.

ग्रीन झाली. चपला बाहेर, हा पहिला नियम. मी एक जुनी काठी पैदा केली आणि ऑफिसातल्या दोस्तांना बोलावलं. आमचा टीम लीड महागडे हातमोजे घालून आला. त्याचा प्रत्येक चेंडू भोकाजवळ जाऊन लाजल्यासारखा डावीकडे वळायचा आणि कढीपत्त्याच्या बुडाशी जाऊन बसायचा. पायरीवर लसूण सोलत काकू म्हणाल्या, "भोकाकडं नको बघू, बाबा. पाणी सांडलं तर कुटं जाईल त्ये बघ." त्याने ऐकलं आणि चेंडू भोकात गेला. सोमवारी ऑफिसात ही अक्कल त्याने स्वतःची म्हणून सांगितली.

काकूंनी मात्र काठीला हात लावला नाही. मग एवढा खटाटोप कशाला, हे मला कळेना.

एका रविवारी सकाळी दारात जीप थांबली. धरणावरच्या वाडीतून काकूंनी एका म्हातारीला आणवलं होतं. हौसाबाई तिचं नाव. काकूंबरोबर तण काढायला असायची. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले होते. काकूंनी तिला हाताला धरून परसात नेलं आणि ग्रीनवर बसवलं. मी जिन्यात उभा होतो.

हौसाबाईंनी तळवा टेकला आणि नाक मुरडलं. "ह्ये पलाष्टिक हाय."

"व्हय. फुडं सरक."

त्या सरकल्या. हात चढावर गेला, तिथून हळूहळू डावीकडे उतरला आणि थांबला. पुन्हा एकदा तसाच फिरला.

"शेवंते, ह्ये सातवं भोक," त्या म्हणाल्या. "आंब्याखालचं. हितंच भाकरी सोडायचो आपण."

हौसाबाईंची बोटं आपोआप कामाला लागली होती. गवतातून ती ओळीने चालली, आणि काहीच सापडेना तशी मंदावली. "एक बी लव्हाळा न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आता हितं आपलं काय काम?"

काकू उठल्या. कुंपणाच्या कडेला जाऊन त्यांनी लव्हाळ्याचं एक हिरवं पातं उपटलं, पाऊल न वाजवता परत आल्या आणि हौसाबाईंच्या बोटांपुढे ठेवलं.

बोटांना ते लागलं. "ह्यो बग," हौसाबाई खुशीत म्हणाल्या. "तुझं काम कायम असंच. मागं ठिवून जातीस."

"व्हय गं, नजर चुकली," काकू म्हणाल्या आणि दुसरं पातं आणायला कुंपणाकडे निघाल्या.