दोम तेओदोसियुंच्या आत्म्यासाठी

दगडाला पाझर फोडावा तो कादंबरीनेच, आणि कादंबरी वाचावी ती मीच! असं मी आमच्या अर्ध्या गिमाराइंश गावाला सांगून बसले होते.

दगड म्हणजे माझे भावजी बेल्शियोर, कातड्याचे व्यापारी. बहीण गेल्यापासून त्यांचं घर आणि तिची लेक कासिल्दा मीच सांभाळते. कासिल्दाचा जीव जडला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या झेफेरिनोवर. भावजींचं उत्तर ठरलेलं : "वाजंत्र्याला मुलगी देऊ? त्यापेक्षा मठात कोंडेन!"

म्हणून मी ब्रागा शहरातून एक कादंबरी आणवली. तिच्यातला बाप, पोर्तो शहरातला उमराव दोम तेओदोसियु, मुलीला प्रेमापायी मठात कोंडतो आणि पोर झुरून मरते. संध्याकाळी शेजारणी आमच्याकडे सूत कातायला जमतात, एकीने मोठ्याने वाचायचं असतं. मला बाई सरळ वाचता येत नाही! ईस्टरआधीच्या उपासकाळातली गायलेली प्रवचनं ऐकत मी मोठी झाले. छापील ओळ दिसली की तीच चाल गळ्यात येते.

मुलगी मेली तेव्हा चात्या थांबल्या. भावजी तर बैलासारखे हंबरून रडले.

"बिचारा बाप!" ते म्हणाले. "काय दिवस दाखवले कार्टीने म्हातारपणी!"

कासिल्दा कुजबुजली, "मावशी, हे उलटंच झालं की गं!"

"थांब, पुस्तक संपलंय कुठे?"

पुस्तक संपलं होतं! पण दुसऱ्या संध्याकाळी मी शेवटचं पान समोर धरलं आणि मनचंच रचून गाऊ लागले. दोम तेओदोसियु मेला. स्वर्गाच्या अलीकडच्या, पापं जाळणाऱ्या आगीत उभा राहून तो टाहो फोडतोय, 'बापांनो, माझ्यासारखं करू नका!'

आता आमच्या गावात त्या चालीत कधी कुणी खोटं बोललेलं नाही. आणि आगीतल्या आत्म्याचं नाव घेतल्यावर आमच्याकडे कुणी बसून राहत नाही. धडाधड सगळ्या गुडघ्यांवर! 'नमो मरिया' सुरू! मी काय करणार? मीही टेकले.

भावजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. "आग कमरेपर्यंत आहे का गं, फेलिस्मिना?"

"गळ्यापर्यंत, भावजी! आणि चढतेय!"

सकाळी ते उठले आणि त्या आत्म्याच्या सुटकेसाठी चर्चमध्ये गायनाची मिस्सा, मोठी प्रार्थना, सांगून आले. पाद्रीबाबांनी विचारलं म्हणे, "मयत तुमचे कोण?" तर म्हणाले, "भावासारखा होता हो!"

जन्मालाच न आलेल्या माणसासाठी वेदीवर मिस्सा! धावत जाऊन पाद्रीबाबांच्या कानावर सगळं घातलं. ते म्हणाले, "होऊ दे, बाई. ज्याच्या नावाने कुणी मेणबत्तीही लावत नाही, असा एखादा आत्मा असेलच. त्याला पोचेल."

आणि ती मिस्सा! झेफेरिनोने असे सूर धरले, की मला वाटलं, कुणीतरी खरंच हळूहळू वर चाललंय. मी मनापासून प्रार्थना केली. कुणासाठी, ते देवाला ठाऊक.

बाहेर पायऱ्यांवर भावजींनी लेकीचा हात धरला. "कासिल्दा, मला त्या आगीत उभं राहायचं नाही गं. कर लग्न त्याच्याशी. ईस्टर झाला की लगेच!"

ती बापाच्या गळ्यात पडली. मी ताठ मानेने शेजारणींकडे पाहिलं. पाहिलंत?

तेवढ्यात भावजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "फेलिस्मिना, दोम तेओदोसियुंच्या मागे त्यांची बायको... एकटीच असेल, नाही? पोर्तोला जाऊन सांत्वन करावं म्हणतो. रविवारी निघतो."

"सांत्वन?"

"मीही एकटाच आहे की!"

घ्या! आता हे पोर्तोत दारोदार विचारत फिरणार! त्याच संध्याकाळी मी पुस्तक उघडलं आणि बाईंना ताप आणला. पण माया केली हो. शेवटचे संस्कार झाले, ओठांवर क्रूस टेकला, आग नाही की धूर नाही, थेट स्वर्गात! आता ना प्रवास, ना मिस्सा.

शेजारणींनी शालीच्या पदराने डोळे पुसले. भावजी हळूच उठले, खुंटीवरचा काळा कोट अंगात घातला.

"देवमाणसं गेली. त्यांचं दुसरं कोण होतं? आपणच," ते जड आवाजात म्हणाले. "कासिल्दा, तूही काळे कपडे घाल. वर्षभर घरात दुखवटा. दुखवट्यात कसलं आलंय लग्न!"

कासिल्दाने माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक मिटलं. माणसं मारायला माझा गळा पुरला, वाचकहो. उठवायची चाल काही मला येत नाही.