प्रमाण कान

सुरतेच्या उधन्यातल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात जन्म काढल्यावर हिलालचा डावा कान सेवानिवृत्त झाला. निवृत्तीचा समारंभ वगैरे काही झाला नाही. एका सकाळी टपरीवर डावीकडच्या माणसाने चहाचं विचारलं आणि हिलालने उजवीकडच्याला उत्तर दिलं, तेव्हा ही गोष्ट चारचौघांच्या लक्षात आली. कोणाला नवल वाटलं नाही. लूमवरच्या माणसाचे हात शाबूत असले की बाकीचे अवयव ही त्याची खाजगी बाब समजली जाते.

उजवा कान मात्र हिलालने घरासाठी राखून ठेवला होता. त्याची बायको उषाबाई जेवायला नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसे. मूळची ती हळू बोलणारी बाई. धुळ्याकडून सुरतेला आली आणि नवऱ्यापायी ओरडायला शिकली. "उजवा तरी र्‍हाऊ द्या," ती म्हणायची. "शेठले सांगा, माले फोल्डिंगमा टाका. आखो किती बोंबलू मी?" फोल्डिंग म्हणजे वरच्या मजल्यावर कापडाच्या घड्या घालण्याचं खातं. तिथे चालू पंख्याचा आवाज ऐकू येतो, यावरून तिथल्या शांततेची कल्पना यावी. म्हातारपणी बायकोचा साधा, न ओरडता काढलेला आवाज ऐकावा, एवढीच हिलालची इच्छा होती. त्याने धीर करून ऑफिसात जाऊन कानाची तक्रार सांगितली. ती त्याच्या आयुष्यातली पहिली तक्रार होती आणि ती फारच मनावर घेतली गेली.

थोरले शेठ देवधर्माला लागल्यापासून खातं त्यांचा मुलगा भाविनशेठ बघायचा. भाविनशेठला कानांविषयी अपार कळवळा होता. आजवर तो स्वतःच्याच कानांपुरता होता, इतकंच. त्याच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात उंची हेडफोन मांडलेले असत, देव्हाऱ्यातल्यासारखे, आणि त्यांना धूळ लागू नये म्हणून वेगळा माणूस नेमलेला होता. कामगारांच्या कानांचं रक्षण करा, असा सरकारी आदेश वरून आलाच होता. कोणीतरी कापसाचे बोळे सुचवले. भाविनशेठने ते फेटाळले. गोंगाट कानात जाऊच नये हा विचार मागासलेला आहे, असं त्याचं म्हणणं पडलं. गोंगाटापेक्षा दर्जेदार असं काहीतरी कानात गेलं पाहिजे. तेव्हा जगातले उत्तमोत्तम हेडफोन मागवून त्यांच्या ध्वनिगुणवत्तेची तुलना करण्यासाठी श्रवण-समाधान समिती स्थापन झाली. समितीवर कामगारांचा एक प्रतिनिधी असणं आवश्यक होतं, आणि तो कानाच्या प्रश्नाशी संबंधित असावा अशी अट होती. सबंध खात्यात कानाची तक्रार एकाच माणसाची होती. अशा रीतीने आवाज पारखण्यासाठी हिलालची एकमताने निवड झाली.

समितीचा चिटणीस म्हणून ऑफिसातला संदीप होता. हा नांदेडकडचा, शिकलेला, आणि बढतीच्या उंबरठ्यावर बरेच दिवस उभा असलेला मुलगा.

पुढे जे घडलं ते लूमच्या एका रिवाजामुळे. चालू लूममध्ये बोललेलं ऐकू येत नाही. माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. आणि सांगितलेलं समजलं की नाही हे कळावं, म्हणून ऐकणाऱ्याने तेच शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवायचे असतात. देखरेख करणारा मास्तर म्हणाला "धागा बदल," की आपण म्हणायचं "धागा बदल." हिलालच्या हाडीमासी हा रिवाज मुरलेला होता.

केबिनमध्ये जाड गालिचा, एसी, आणि मधोमध एक डबी. डबीतून दोन वायरी निघत, एक भाविनशेठच्या हेडफोनला आणि एक हिलालच्या. दोघे समोरासमोर बसले. संगीत सुरू झालं असावं, कारण भाविनशेठने डोळे मिटले. हिलालच्या उजव्या कानात पातेल्याखाली माशी अडकावी तसं काहीतरी झालं. इतक्यात भाविनशेठचे ओठ हलू लागले. कानावर हेडफोन लावलेल्या माणसाला आपण मोठ्याने पुटपुटतोय याचा पत्ता नसतो. हिलालने सवयीने ओठ वाचले. शेठ काहीतरी हुकूम देतोय, अशी त्याची समजूत झाली.

भाविनशेठने हेडफोन काढून विचारलं, "बोलो हिलालभाई, कैसा लगा?"

हिलालने हुकूम परत म्हणून दाखवला. "बेस भारी शे, पन जरा मांगे बसेल शे. तबलावाला डाव्या बाजूले दोन फूट सरकायला पायजे."

भाविनशेठने संदीपकडे पाहिलं. दुसरा हेडफोन लावला. हिलाल म्हणाला, वरचे सूर काचेसारखे आहेत पण बाईच्या गळ्यात ऊब नाही. तिसऱ्याला तो म्हणाला, वायर तांब्याची दिसते, चांदीची हवी होती. भाविनशेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं मी एकटा होतो," तो संदीपला म्हणाला. "घरमां पण कोई समजतुं नथी."

चौथ्या हेडफोनच्या वेळी डबीची मुख्य वायर गाणं वाजवणाऱ्या यंत्राला जोडायची राहून गेली. ती संदीपच्या हातातच होती. त्याच्या लक्षात येईपर्यंत भाविनशेठने डोळे मिटले होते आणि चेहऱ्यावर अशी समाधी लागली होती, की ती मोडण्याची कोणाची छाती झाली नसती. भाविनशेठ म्हणाला की पार्श्वभूमी इतकी स्वच्छ त्याने आयुष्यात अनुभवली नाही, प्रत्येक दोन सुरांमधली जागा ऐकू येतेय. हिलालनेही तेच म्हणून दाखवलं. संदीपने हातातल्या वायरीकडे पाहिलं, बढतीच्या उंबरठ्याकडे पाहिलं, आणि लिहून टाकलं: पार्श्वभूमी अत्यंत स्वच्छ. चौथा हेडफोन पहिला आला.

हिलालची कीर्ती शेजारच्या पांडेसऱ्यापर्यंत गेली. तिथल्या मिलवाल्यांनी आपापले हेडफोन घेऊन गाड्या पाठवल्या. हजीऱ्याच्या कारखान्यातले दोन साहेब सुटी टाकून आले. प्रत्येक जण हेडफोन लावून पुटपुटायचा, आणि हिलाल त्याला त्याचंच मत अदबीने परत करायचा. माणसाला आपलं मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यासारखं सुख नाही; सगळे तृप्त होऊन गेले. हिलालच्या कानाला 'प्रमाण कान' असा दर्जा देण्यात आला.

मग त्याच्या फोल्डिंगच्या विनंतीचा निकाल लागला. विनंती नाकारण्यात आली होती. इतका तीक्ष्ण कान घड्या घालायला पाठवणं म्हणजे उधळपट्टी, असं समितीचं मत पडलं. शिवाय हा कान ज्या गोंगाटात तयार झाला, त्यापासून तो तोडला तर त्याची धार जाईल. म्हणून हिलालची बदली लूमच्या अगदी मधल्या रांगेत करण्यात आली.

हिलाल घाबरला. मनापासून घाबरला. तो संदीपला जिन्यात गाठून म्हणाला, "भाऊ, माले हेडफोनमा काही ऐकू येत नई. मी शेठना ओठ वाची वाची बोलस."

"काका, मला ठाऊक हाय," संदीप म्हणाला.

"मंग सांग ना शेठले."

"काय सांगू? तुम्ही बहिरे निघालात तर शेठ काय निघतील? आन् वायर माझ्या हातात होती, मी काय निघन?" संदीपने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "थोडी कळ काढा. हेडफोन यायलेत की सगळ्यांना."

हेडफोन आले. सगळ्या कामगारांना एकेक चौथा हेडफोन मिळाला. तो कशाला जोडायचा असा प्रश्न निघाला, तेव्हा संदीपने नियम दाखवला: ज्या स्थितीत गुणवत्ता सिद्ध झाली, त्याच स्थितीत वापर व्हावा. म्हणजे कशालाच जोडायचा नाही. आणि गंमत अशी की जाड गाद्यांच्या त्या मुक्या हेडफोनमुळे खात्यातला गोंगाट खरोखरच निम्म्यावर आला. कामगार खुश झाले. फक्त एका माणसाला हेडफोन मिळाला नाही. प्रमाण कान झाकला तर पुढच्या तुलना कशावरून करणार, म्हणून हिलालने तो उघडाच ठेवावा, असं ठरलं होतं.

वाटपाचा समारंभ खात्यातच झाला, लूम चालू ठेवून. व्यासपीठावर भाविनशेठ आणि पाहुणे शेठ हेडफोन लावून बसले होते. हिलालला शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने एकदा घराच्या दिशेने पाहिलं आणि सगळा जीव एकवटून तो म्हणाला, "माले हेडफोनमा काही ऐकू येत नई. कधीच येत नव्हतं. मन्हा उजवा कान वाचाडा."

समोरच्या सगळ्यांनी त्याचे ओठ वाचले. लूमवरची माणसं ती; एक शब्द सुटला नाही. आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी तेच परत म्हणून दाखवलं. शंभरेक तोंडं एकाच वेळी हलली: मन्हा उजवा कान वाचाडा. व्यासपीठावरच्यांना एवढंच दिसलं की कामगार एका सुरात काहीतरी म्हणताहेत. भाविनशेठने गहिवरून हात जोडले. संदीपच्या कानावर हेडफोन नव्हता. शंभर तोंडांचा आवाज लूमच्याही वर चढला होता; त्याने ऐकलं, आणि लिहिलं: कामगारांच्या वतीने आभारप्रदर्शन झाले. मग जो तो आपल्या लूमकडे वळला, कारण रिवाजात सांगितलेलं परत म्हणणं तेवढं येतं, ते करणं मास्तर बघत असेल तरच.

दिवाळीच्या आत उजवा कानही गेला. उषाबाई अजून उजव्या हाताला बसते. आता ओरडून उपयोग नाही म्हणून ती पुन्हा हळू बोलायला लागली आहे. खालच्या मानेने, भाकरी मोडता मोडता. मान खाली असल्यामुळे हिलालला तिचे ओठ दिसत नाहीत, पण ती बोलतेय हे त्याला कळतं, आणि तो मान डोलावतो.

तुम्हीही मघापासून डोलावताय. फार समंजस श्रोते आहात. तुमचं मत आम्ही लिहून घेतलं आहे: पार्श्वभूमी अत्यंत स्वच्छ.