राक्षसीण दंतवैद्य, भाग पहिला

डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतल्या निवृत्त न्यायाधीशांच्या हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं, तेवढ्यात रिसेप्शनिस्टनं दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, तुमचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय बरं का," एवढं हसत सांगून ती वाजणारा फोन घ्यायला पळाली.

डॉक्टरीणबाईंना आपला एकच व्हिडिओ ठाऊक होता. तोच व्हिडिओ असणार.

इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचं खूळ नवं होतं तेव्हाची गोष्ट. होस्टेलच्या खोलीत त्यांनी आणि मैत्रिणीनं मिळून एक भयपट काढला होता. रक्त बिटाचं, पक्कड नळदुरुस्तीवाल्याकडून मागून आणलेली, आणि अंधार हवा म्हणून ट्यूबलाइटवर चादर. डॉक्टरीणबाई राक्षसीण दंतवैद्य झाल्या होत्या आणि खदाखदा हसत मैत्रिणीचे दात उपटत होत्या. तो चढवायला अख्खी दुपार गेली. कुण्या अनोळखी माणसानं खाली 'जाम घाबरलो' असं लिहिलं, तेव्हा दोघी पलंगावर नाचल्या. किती जणांनी पाहिलं, लोक काय म्हणतील, हे कुणाच्या डोक्यातही येत नसे.

आता डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. लोकांनी ते ध्यान पाहिलं, तर या दवाखान्याची पायरी कोण चढणार?

ओठ जड होईपर्यंत स्वस्थ पडा, असं न्यायाधीशांना सांगून त्या शेजारच्या एक्स-रेच्या खोलीत शिरल्या आणि मैत्रिणीला फोन लावला. ती आता एका कॉलेजची प्राचार्या होती.

"अगं, तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाक."

"मला कसली भीती? राक्षसीण तू होतीस. मी आपली गरीब पेशंट," मैत्रीण म्हणाली.

पासवर्ड दोघींनाही आठवेना. वॉर्डनबाईंचं टोपणनाव झालं, खानावळवाल्याचं झालं. मग वर्गातल्या एका देखण्या मुलाचं नाव निघालं आणि तो नक्की कुणाला आवडायचा यावरून जुनं भांडण नव्यानं उकरलं गेलं. तेवढ्यात चुकीच्या पासवर्डांमुळे खात्याला कुलूपच लागलं. निदान किती जणांनी पाहिलाय ते तरी बघ, असं सांगून मैत्रीण मीटिंगला गेली.

डॉक्टरीणबाईंनी व्हिडिओ लावला. चित्र दिसलं, पण आवाज येईना, म्हणून त्यांनी तो पार शेवटपर्यंत वाढवला. चादर घसरतेय, मैत्रीण मरणाच्या वेदनांत खुदकन हसतेय. इतक्या भीतीतही बाईंना हसू फुटलं. असं वेड्यासारखं काही करून किती वर्षं झाली होती!

बाहेर खुर्च्या पडल्याचा आवाज आला. पेशंटचं मन रमावं म्हणून बाहेर मंद संगीत लावलेलं असे, आणि तो स्पीकर याच फोनला जोडलेला होता. त्यातून बाईंचाच आवाज गरजत होता, "एक गेला, अजून एकतीस आहेत!"

रिसेप्शनिस्ट पांढरीफटक होऊन आत आली. बाहेर आता एका चपलेशिवाय कुणी उरलं नव्हतं. फिरत होता तो व्हिडिओ ब्रश कसा धरावा याचा, गेल्या आठवड्यात तिनंच काढलेला, हेही तिनं चाचरत सांगितलं.

उरले न्यायाधीश. आता तक्रार, नोटीस, कोर्ट, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढे आलं. त्या आत गेल्या, तर ते खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. बाईंनी एका दमात सगळं कबूल केलं: आवाज आपलाच, पण व्हिडिओ होस्टेलमधला, रक्त बिटाचं.

न्यायाधीशांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बधिर ओठांतून शब्द कसेबसे निघाले.

"त्या फोरीचं फुढं काय झालं?"

"पुढे काही नाही हो. कॅमेऱ्याची बॅटरी संपली."

न्यायाधीशांनी खुर्चीचे हात सोडले.

"म्हंजे वाचली," त्यांनी निकाल दिला, आणि निर्धास्तपणे आ वासला.